तहानेचा नमुना

सोलापूरला एप्रिलात हौसेनं कुणी जात नाही. मी गेले ती एका पत्रामुळे. जाऊन यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी एका जागी अर्धा तास स्वस्थ बसले असेन असं आठवत नाही.

त्या वेळी मी मुंबईत एका प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या पीयूष ग्रंथीवर काम करत होते. मेंदूच्या खाली लोंबणारी ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. मेंदूतल्या काही पेशी अतिशय सूक्ष्म पिशव्या भरतात, त्या पिशव्या खाली या ग्रंथीत उतरतात आणि शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात रिकाम्या होतात. त्यांत एक संप्रेरक असतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी बाहेर टाकू नका. त्याच पिशवीत त्याच्या सोबतीला एक प्रथिन असतं, त्याला न्यूरोफायसिन म्हणतात. ज्यांच्यात हे संप्रेरक तयार होत नाही त्यांचं पाणी अंगात ठरत नाही. ती माणसं घागरीनं पितात, घागरीनं बाहेर टाकतात आणि पुन्हा तहानलेली राहतात. साखरेच्या मधुमेहाशी याचा संबंध नाही. माझा प्रश्न एवढाच होता, की अशा माणसाच्या रक्तात ते सोबतीचं प्रथिन तरी असतं का? उंदरांच्या एका जातीत दोन्ही नसतात हे ठाऊक होतं. माणसांचं नीट कळलेलं नव्हतं.

तीन वर्षं झाली तरी माझ्या प्रबंधातला माणसांचा तक्ता कोरा होता. पुण्याला घरी लग्नाची बोलणी चालली होती आणि प्रत्येक पत्रात आई विचारत होती, अजून किती दिवस. अशात सोलापूरच्या एका डॉक्टरांचं पत्र आमच्या प्राध्यापकांना आलं, की धनगराच्या एका घरात ही तहान बापाकडून लेकीत उतरलेली दिसते, कुणी येऊन रक्त नेणार असेल तर मी मदत करतो. प्राध्यापकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट मी काढलं.

सोलापूर

डॉक्टरांचं नाव सिद्रामप्पा. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, स्कूटरवरून फिरणारे. घर भवानी पेठेत. गल्लीत दोन्ही अंगांना माग चालत आणि त्यांची खटखट पहाटेपासून सुरू होई. मुंबईच्या गोंगाटात झोपणारी मी, पण या एकसुरी आवाजानं मला चैन पडेना.

दारात पाऊल टाकल्याबरोबर डॉक्टरांच्या पत्नी नीलाक्कांनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं केला. आमच्या पुण्यात पाहुण्याला फुलपात्रातून पाणी देतात. मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला तर नीलाक्का म्हणाल्या, "एवढंच? आमच्याकडं तांब्या रिकामा केल्याशिवाय पाहुणा आला म्हणत नाहीत." नवऱ्याशी त्या कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि समोरच्या विणकराच्या बायकोशी तेलुगूत. तिन्ही भाषांमध्ये त्यांचा एकच विषय चालू होता, की या मुलीला जेवायला काय घालायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही असं जेवण झालं. भाकरी इतकी कडक की पहिला तुकडा मोडताना माझ्या हातून उडून डॉक्टरांच्या ताटात पडला. ते हसले नाहीत, उचलून माझ्या ताटात परत ठेवला.

माझा जीव बर्फात अडकला होता. रक्तातला वरचा पातळ भाग काढून तो गोठवून मुंबईला न्यायचा होता. वाटेत वितळला तर ते प्रथिन टिकत नाही. मी सोबत आणलेली लाकडी पेटी आतून पत्र्यानं मढवलेली होती. जेवण होताच मी बर्फाचा कारखाना कुठं आहे ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी जाऊ. मी चार वाजता विचारलं, पाच वाजता विचारलं. शेवटी ते स्कूटर काढून मला घेऊन गेले. दोन लाद्या, भुसा आणि मीठ असं सगळं पेटीत भरलं.

वाटेत त्यांनी मला त्या मुलीची गोष्ट सांगितली. नाव सुंद्रा, वय एकोणीस. वेळापूरला दिलेली. दीड वर्षानं सासरच्यांनी बापाकडं आणून सोडली. कारण काय, तर सून घरातलं पाणी संपवते आणि रात्रीतून दहा वेळा तांब्या घेऊन बाहेर जाते. दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती, पण पाण्याची धास्ती माणसांच्या मनातून गेली नव्हती. त्यात रात्रीच्या जाण्यानं गावात नको ती कुजबुज सुरू झालेली.

"तुम्हाला रक्त पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "मला तिचा आजार सिद्ध करायचाय. त्यासाठी तिचं पाणी तोडून बघावं लागेल. निरोगी माणसाचं पाणी तोडलं की लघवी घट्ट होते. हिची झाली नाही, आणि इंजेक्शननं झाली, तर मग कुणाला काही बोलायला जागा नाही."

मोडनिंब

डॉक्टरांचा मोडनिंबला दोन खोल्यांचा दवाखाना होता, आठवड्यातून दोन दिवस ते तिथं बसत. सकाळच्या बसनं आम्ही पोचलो. पेटी टपावर टाकायला कंडक्टर निघाला होता. मी ती मांडीवर घेऊन बसले, आणि उतरेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली होती.

सुंद्राच्या वडिलांचा वाडगा, म्हणजे मेंढरांचा तळ, गावाबाहेर एका शेतात बसला होता. खतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. दोनशे मेंढरं, दोन घोडी, तीन कुत्री आणि काळ्या घोंगडीवर बसलेले बिरूमामा. सगळे त्यांना तसंच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. साठीचे, उंच, बोलण्यात घाई नाही. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी तीनदा घागर वाकडी करून तांब्या भरला आणि रिकामा केला. त्यांचं त्यांना ते जाणवतही नव्हतं.

त्यांच्या बायकोनं, काशीबाईनं, हुलग्याचं माडगं दिलं. पातळ, कोमट, लसणाचा वास असलेलं. मला आवडलं आणि मी दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. मी काय काम करते ते तिला हवं होतं. मी जरा चाचरतच सांगितलं, की मेंढीच्या डोक्यातली गाठ काढून तिच्यातून औषधी वस्तू वेगळी करते. मेंढरांवर जगणाऱ्या माणसांपुढं हे सांगणं मला जड गेलं.

बिरूमामांनी विचारलं, "म्हंजे हिच्यात जे न्हाय ते मेंडराच्या डोस्क्यात हाय?"

मी हो म्हटलं. ते मेंढरांकडं बघत राहिले.

सुंद्रा बारीक, काळीसावळी, डोळे मोठे. हातात तांब्या असायचाच. डॉक्टरांनी तिला समजावलं, की उद्या सकाळपासून पाणी नाही, आठ तास, दवाखान्यात बसून. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमीबी पिऊ नका मग."

डॉक्टर काही बोलणार होते. मी त्यांच्याआधी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सातला सुरुवात झाली. दवाखान्यातला काटा बिघडला होता म्हणून शेजारच्या आडत दुकानातला धान्याचा काटा आणला आणि सुंद्राला त्यावर उभं केलं. त्रेचाळीस किलो. डॉक्टरांनी रक्त घेतलं, मी त्याचा वरचा पातळ भाग काढून बर्फात ठेवला. पाण्याचा माठ त्यांनी आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. या चाचणीत भली भली माणसं चोरून पाणी पितात, असं ते म्हणाले. दर तासाला वजन आणि लघवी तपासायची. लघवीत काचेचा तरंगता मापक सोडून मी आकडा लिहायची. पहिल्या तासाला जो आकडा होता तोच तिसऱ्या तासाला, तोच पाचव्या तासाला. नुसतं पाणी. अंगात पाणी जात नव्हतं, तरी बाहेर पडायचं थांबत नव्हतं.

अकरापर्यंत सुंद्रा बोलत होती. मेंढरांची नावं सांगत होती. सासरी तिनं एक काळं कोकरू वाढवलं होतं, ते आता केवढं झालं असेल, असं म्हणाली. नंतर बोलणं कमी झालं. माझीही जीभ टाळूला चिकटत होती. पत्र्याच्या छताखाली ऊन नुसतं ओतल्यासारखं होतं. पण माझी तहान साधी होती. मला पाणी हवं होतं एवढंच. सुंद्राच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते वेगळं होतं. ती कशाकडं बघत आहे ते तिला कळत नव्हतं.

बाराच्या सुमाराला एक माणूस सायकल मारत आला. जवळच्या वस्तीवर एक बाई अडली होती. डॉक्टरांनी बॅग उचलली. मला म्हणाले, दीड किलो उतरलं की लगेच थांबवा, पाणी द्या, माझी वाट बघू नका. शेवटचं रक्त मी काढू शकते हे त्यांना माहीत होतं. ते सायकलवर मागं बसून गेले.

साडेबाराला काट्यानं दीड किलो उतरलेलं दाखवलं.

इथं मी जे केलं ते मला लिहायलाच हवं. मी थांबवलं नाही. प्राध्यापकांनी बजावलं होतं, की नमुना पुऱ्या तहानेचा हवा, अर्धवट नको. माझ्या मनानं घेतलं, अजून अर्धा तास, म्हणजे कुणी शंका काढणार नाही. सुंद्रा काट्यावरून उतरली आणि माझ्याकडं बघू लागली. मी नजर वहीत घातली आणि वेळ लिहिली.

पंधरा-वीस मिनिटांनी ती भिंतीला धरून उठली. माझ्या बर्फाच्या पेटीपाशी गेली, खाली बसली आणि तिनं पेटीच्या ओल्या फळीवर गाल टेकवला. झाकणाला हात लावला नाही. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर पांढरी साय.

मी उडी मारून उठले. आधी रक्त काढलं, हेही खरं आहे. सुई तिच्या हातातून बाहेर आली आणि मग मी आतल्या खोलीकडं धावले. कुलूप होतं. किल्ली डॉक्टरांच्या खिशात गेली होती. परत येऊन मी पेटी उघडली, लादीचा तुकडा फोडला आणि तिच्या तोंडात दिला. मग दुसरा, तिसरा. भुश्याचे कण तिच्या हनुवटीला चिकटत होते, मी ते पदरानं पुसत होते. जरा शुद्धीवर आल्यासारखी वाटल्यावर मी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडून बादली आणली. ती बादलीत तोंड घालून प्यायली. मधेच वर बघून म्हणाली, "बाई, तुमी बी प्या की."

मी तिच्याच तांब्यानं प्यायले.

डॉक्टर चारला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्ध्या तासाचंही. ते माझ्यावर ओरडले नाहीत. किल्ली खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, चूक दोघांची झाली. मग त्यांनी तेलातल्या इंजेक्शनची कुपी काढली. तळाशी मोहरीएवढा तपकिरी ठिपका बसला होता. औषध म्हणजे तेवढा ठिपकाच, बाकी तेल. बराच वेळ दोन्ही तळव्यांत कुपी फिरवून, गरम करून, हलवून त्यांनी तो ठिपका तेलात मिसळला आणि सुंद्राला टोचलं. तहान लागेल तेवढंच पाणी द्या, बळंच पाजू नका, असं काशीबाईला चारदा बजावलं.

संध्याकाळी बिरूमामांनी मला थेट विचारलं, हे हिला आलं कुठून. मी सांगितलं, की रक्तातून उतरतं, तुमच्याकडून आलं असावं. त्यांनी तांब्या भरून रिकामा केला. मग म्हणाले, "आमी मेंडरं पान्याकडंच न्हेतो. जितं पानी तितं आमी. मग कुटं कळनार."

सकाळी मी वाडग्यावर गेले तर काशीबाई लेकीच्या उशाशी बसलेली, डोळे लाल. रात्रभर बसली होती. सुंद्रा एकदाही उठली नव्हती. जन्मल्यापासून अशी एक रात्र गेली नव्हती, म्हणून आईला वाटलं पोरगी गेली. ती दर घटकेला तिच्या नाकापुढं बोट धरून बघत होती. सुंद्रा तेव्हाही झोपलेलीच होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. उठल्यावर मी लघवीत मापक सोडला. आकडा वर चढला होता. मी तो वहीत लिहिला आणि सुंद्राला दाखवला. तिला आकडा कळत नव्हता, पण ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून होती.

वेळापूर

त्या सकाळी नऊच्या बसनं मी पेटी घेऊन सोलापूरला जायला हवं होतं. बर्फ निम्मा उरला होता, गावातल्या सोडावाल्याकडून थोडा मिळाला तो भरला. डॉक्टरांना अडलेल्या बाईकडं पुन्हा जाणं भाग होतं, पेटी त्यांच्याकडं देता येत नव्हती. तेवढ्यात बिरूमामा धुतलेला फेटा बांधून आले. वेळापूरला चला म्हणाले. त्यांनी सांगितलेलं सासरचे ऐकणार नाहीत, शिकलेल्या माणसानं सांगितलं तर ऐकतील.

मी हिशेब घातला. पंढरपूरला बस बदलून दुपारपर्यंत वेळापूर, संध्याकाळी परत पंढरपूर, तिथं ताजा बर्फ, रात्री सोलापूर. बसेल. आदल्या दिवसानंतर नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. जाताना पंढरपूरला वेळापूरची गाडी सुटायच्या बेतातच होती, म्हणून बर्फ परतताना घेऊ म्हटलं आणि चढले. बिरूमामांनाही पाणी प्यायला सवड मिळाली नाही.

वेळापूरला जुनं दगडी देऊळ आहे, मोठं देखणं म्हणतात. मी ते बसमधून पाहिलं, उतरून पाहायला वेळ नव्हता. सुंद्राचं सासर गावाच्या कडेला, दोन खणांचं, मातीच्या धाब्याचं माळवद आणि पुढं मेंढरांचं कुंपण. सासरे घोंगडीवर बसले होते. सासू, भागूबाई, दाराशी. नवरा खांबाला टेकून उभा होता, तो शेवटपर्यंत बोलला नाही. आम्ही बसताच भागूबाईनं दोन तांबे पाणी पुढं ठेवलं. मी माझा घेतला. बिरूमामांनी हात लावला नाही.

मी जमेल तसं सांगितलं, की सुंद्रा हौसेनं पाणी पीत नाही, तिच्या डोक्यातून पाणी राखायचा निरोपच निघत नाही, तिला रात्री बाहेर जावंच लागतं. आणि काल एका इंजेक्शननं ती रात्रभर झोपली.

भागूबाई म्हणाली, "रातीतनं धा येळा भाईर जायाची. कुनाला भेटाया जाती म्हून गाव इचारायचं. आमी काय सांगायचं?"

"आजार आहे म्हणून सांगायचं," मी म्हटलं.

सासऱ्यांनी खाली बघत विचारलं, "ह्यो आजार कुटनं आला म्हनायचा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. माझ्या एका वाक्यानं समोरच्या म्हाताऱ्या माणसाची इज्जत जाणार होती.

"माज्यातनं," बिरूमामा म्हणाले. "माजा आजाबी आसाच प्यायचा. ह्यो आजार हाय ह्ये मला काल कळलं. पोरीला म्या दिला. तिनं कुटनं आनला न्हाय."

मग भागूबाईनं मला विचारलं, नातवंडांना होईल का. खोटं बोलायचा मोह झाला. मी म्हटलं, निम्म्यांना होऊ शकतो.

ती बिरूमामांकडं वळली. तुम्ही जन्मभर असेच जगला का, पोरं किती, मेंढरं किती, असं तिनं एकेक विचारलं. चार पोरं, दोनशे मेंढरं, त्यांनी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सासरे म्हणाले, चार दिवसांनी कळवतो.

बिरूमामा उठले. तांब्या तसाच भरलेला होता.

"पानी प्या की, पाव्हणं," भागूबाई म्हणाली.

"उत्तर आल्याबिगर ह्या गावचं पानी न्हाय," ते म्हणाले आणि चालू लागले.

रस्त्यात

परतीची बस तासभर उशिरा आली आणि वेळापूर सोडून आठ-दहा मैल गेल्यावर बंद पडली. ड्रायव्हर एका ट्रकमधून पुढं सामान आणायला गेला. आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. तीन वाजले, साडेतीन, चार. मी रस्त्यावर येरझारा घालत होते. प्रत्येक येणाऱ्या गाडीला हात करत होते. दोन बैलगाड्या आणि एक वऱ्हाडानं गच्च भरलेला टेम्पो, बाकी काही नाही.

साडेचारला मी पेटी उघडली. बर्फ संपला होता. राखाडी पाण्यात भुसा तरंगत होता आणि त्यात माझ्या काचनळ्या. एक उचलली, ती उन्हातल्या भांड्यासारखी कोमट लागली. काल मी फोडून दिलेल्या बर्फानं हे झालं की बसनं, की पंढरपूरला मी घाई केली म्हणून, ते आजही मला सांगता येत नाही. सुंद्राचे सहा तास त्या पाण्यात गेले होते.

बिरूमामा शेजारी येऊन बसले. "गेलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. "माजं घ्या की. माज्यातबी त्येच हाय. सक्काळधरनं घोट घेतला न्हाय."

मी म्हटलं, आता बर्फ नाही, इथं घेऊन उपयोग नाही.

"मग पंडरपुरापतूर न्हाय पेत. तितं बरफ मिळतोय न्हवं? तितं घ्या."

तेव्हा मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. ओठांवर तीच पांढरी साय होती. शब्द जड येत होते. डोळे माझ्यावर होते आणि माझ्यावर नव्हते. माझ्या पिशवीत सुई होती, कोऱ्या नळ्या होत्या. पंढरपूरला बर्फाचा कारखाना होता. बस आता सुटली तर तासाभराची गोष्ट. बापाचा नमुना, पुऱ्या तहानेचा, लेकीपेक्षाही चांगला. आणि तो माणूस स्वतः देत होता. क्षणभर मी खरोखर मनात वेळ मोजली.

मग मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. माळाच्या पलीकडं विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज येत होता. अर्धा मैल असेल, पण ते दोनदा खाली बसले. विहिरीवर एक शेतकरी उसाला पाणी देत होता, आणि हौदात पाणी पडत होतं. बिरूमामा हौदापाशी जाऊन उभेच राहिले.

मी शेतकऱ्याला विचारलं, हे रान कुठल्या गावचं. वेळापूरची शीव मागंच राहिली, तो म्हणाला.

"मामा, प्या," मी म्हटलं. "हे त्या गावचं पाणी नाही."

"आन तुमचं काम?"

"आधी प्या."

ते गुडघ्यावर बसले आणि ओंजळीनं पिऊ लागले. बराच वेळ पीत होते. शेतकऱ्यानं माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं, इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. मागं रस्त्यावर बसचा हॉर्न वाजू लागला होता. मी हात करून थांबा म्हणून खुणावत राहिले.

मुंबई

परत आल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांचं पत्र आलं. पाचव्या दिवशी भागूबाई एकटीच मोडनिंबला आली. घोंगडीवर बसली, आल्याबरोबर पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा केला. सुंद्रा मात्र लगेच गेली नाही. माझी घागर वेगळी असेल आणि रात्री बाहेर जाताना मला कुणी विचारायचं नाही, असं तिनं सासूला सांगितलं, आणि ते कबूल झाल्यावर पुढं पावसाळ्याच्या तोंडी गेली. मी मिळतील तशा कुप्या पाठवत होते. त्या परदेशातून येत, पुढं त्यांची टंचाई झाली आणि वर्षभरात बंदच पडल्या. तेव्हापासून ती पुन्हा घागरीवरच आहे, पण सासरी आहे.

प्राध्यापकांनी मला मे महिन्यात पुन्हा जायला सांगितलं होतं. मी गेले. दोघांचं रक्त आणलं, यावेळी बर्फासह नीट. पण पाणी कुणाचं तोडलं नाही. न्यूरोफायसिन दोघांतही जवळपास मिळालंच नाही. पाणी न तोडता घेतलेल्या रक्तावरून एवढंच म्हणता येतं, आणि तेवढंच मी लिहिलं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक तो तक्ता उघडून बसले. लेकीच्या ओळीत आणि बापाच्या ओळीत तहानेनंतरच्या रकान्यात आडवी रेघ होती. लेकीचं कारण खाली टीपेत दिलेलं होतं, वाहतुकीत नमुना खराब झाला. बापाच्या रेघेखाली टीप नव्हती.

"इथं नमुना का नाही?" त्यांनी विचारलं. "माणूस तयार नव्हता?"

"तयार होते," मी म्हटलं.

"मग?"

"त्यांना तहान लागली होती, सर."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, पुन्हा लावला, आणि पान उलटलं.